मोडीत काढलेले भांडे

१

आमच्या घरात एक जर्मनचे तपेले होते. जर्मन म्हणजे अर्थात अॅल्युमिनियम. पण आमच्या पिढीच्या स्वयंपाकघरांत या धातूला हेच नाव होते. तपेल्याचा काठ एका बाजूने चेपलेला होता आणि तळ वर्षानुवर्षांच्या आचेने काळवंडून पातळ झाला होता. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत असल्यामुळे माझे बालपण दिल्लीच्या रामकृष्णपुरममध्ये, आर. के. पुरम या आद्याक्षरांनीच ओळखल्या जाणाऱ्या सरकारी वसाहतीत गेले. तिथल्या एकसारख्या क्वार्टरांमधून सारा देश शेजारी शेजारी राहत होता. आमच्या जिन्यात एक तमिळ कुटुंब होते, एक गढवाली होते आणि समोरच्या दारी रांचीकडचे एक उराँव कुटुंब होते.

१९७१ च्या सुमारास, वसंतातल्या एका दुपारी, त्या घरातील बाई आईकडे एखादे मोठे, टाकाऊ भांडे मागायला आल्या. सरहूलचा सण जवळ आला होता. गावी त्यासाठी मातीची हंडी असते. इथे तशी मिळाली नव्हती. आईने मोडीत घालण्यासाठी बाजूला काढलेले ते तपेले त्यांना दिले. त्यात काय होणार, हे तिने विचारले नाही. ती वेंगुर्ल्याकडची होती. चार दिवसांनी जिन्यात जो आंबूस, गोडसर वास दरवळू लागला त्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पाचव्या दिवशी कुणीतरी तक्रार केली आहे अशी कुजबुज उठली. प्रत्यक्षात कुणीही आले नाही. परंतु त्या रात्री समोरच्या मोरीत तपेले उपडे केल्याचा आवाज आम्ही ऐकला. दुसऱ्या दिवशी राखेने घासून लख्ख केलेले तपेले आमच्या दाराशी होते. सण त्या वर्षी कसा झाला, हे मला ठाऊक नाही.

पुढे साहित्याच्या अभ्यासात आयुष्य गेले. परंतु त्या रात्री एक तपेले नेमके कशाला भ्याले, हा प्रश्न मनातून गेला नाही. प्रस्तुत निबंध हा त्या प्रश्नाचाच पाठपुरावा आहे. घरातील वापरलेले, मोडीत काढलेले भांडे जेव्हा मद्य आंबविण्यासाठी चुलीवरून कोपऱ्यात जाते, तेव्हा त्याचे भांडेपण संपते का? आणि संपत असेल, तर ते कोण संपवते?

२

प्रथम शब्दांकडे वळू. समोरच्या घरात जे होत होते त्याचे नाव ‘हंडिया’. शिजवलेला भात गार करून त्यात ‘रानू’ हे विरजण मिसळायचे, भांडे झाकून काही दिवस ठेवायचे, मग पाणी घालून गाळून घ्यायचे. रानू म्हणजे तांदळाच्या पिठात काही मुळ्यासाली कुटून वळलेल्या आणि वाळवलेल्या गोळ्या. यात ऊर्ध्वपातन नाही, भट्टी नाही. धान्यातील पिष्टाची साखर आणि साखरेचे मद्य, असा हा दुहेरी प्रवास एकाच भांड्यात पार पडतो. म्हणजे शास्त्रीय अर्थाने हंडिया ही बियरच होय. फरक एवढाच की तिच्यात जवाऐवजी तांदूळ आहे आणि मोड आणण्याऐवजी विरजण आहे. तिचे नावही धान्यावरून वा चवीवरून आलेले नाही. ते भांड्यावरून आले आहे. आपला हंडा आणि आपली दहीहंडी ज्या शब्दाच्या गोतावळ्यातील, त्याच गोतावळ्यातील ही हंडिया.

मराठीतील या विषयाची शब्दसंपत्ती तर याहून बोलकी आहे. ‘दारू’ हा मुळात फारसी शब्द, आणि त्याचा अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. ‘अबकारी’मध्ये फारसीतील ‘आब’ म्हणजे पाणी आहे. आपण समीक्षक मंडळी एखाद्या कादंबरीची ‘भट्टी जमली’ असे सहज लिहून जातो. ती भट्टी लोहाराची, सोनाराची की कलालाची, हे आपण विचारत नाही. सर्वांत विलक्षण प्रवास मात्र ‘रसायन’ या शब्दाचा आहे. आयुर्वेदात जरा आणि व्याधी यांना दूर ठेवणारी ती उपचारपद्धती. आज मराठी वृत्तपत्रात ‘गूळ-नवसागरमिश्रित रसायन नष्ट’ असे वाचले की ते हातभट्टीवरील छाप्याचे वृत्त आहे हे शाळकरी मुलालाही कळते. एका प्रतिष्ठित शब्दाचे पंचनाम्यातील मुद्देमालात रूपांतर व्हावे, हा केवळ भाषिक अपघात नव्हे. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

त्या इतिहासापूर्वीची स्थिती पाहावयाची तर कौटिल्याकडे जावे लागते. र. पं. कंगले यांच्या संशोधित आवृत्तीमुळे आणि मराठी अनुवादामुळे ‘अर्थशास्त्र’ मराठी अभ्यासकाला हाताशी आले. त्यातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘मेदक’ नावाच्या पेयाचे प्रमाण दिले आहे : पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. द्रोणाचे चार आढक आणि आढकाचे चार प्रस्थ हे ध्यानात घेतले, म्हणजे सोळा भाग पाण्याला दोन भाग तांदूळ आणि तीन भाग विरजण असा हिशेब निघतो. रामकृष्णपुरममधील तपेल्यातला ऐवज याहून फार निराळा नव्हता. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मद्याचा व्यापार राज्याच्या ताब्यात ठेवू पाहणारा हा कठोर ग्रंथही, सणाकार्याच्या प्रसंगी गृहस्थांनी आपल्या घरी श्वेतसुरा करावी आणि औषधासाठी अरिष्ट करावे, अशी मुभा देतो. उत्सव, समाज व यात्रा यांसाठी चार दिवसांची सवलतही देतो. सुरा आणि किण्व यांची निवडटिपण स्त्रिया व मुले यांच्याकडे सोपवलेली आहे. म्हणजे कौटिल्याच्या दृष्टीने विक्री हा राज्याचा विषय होता. घरातील भांडे हा घराचा विषय होता. ही सीमारेषा ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढील सारा संघर्ष तिच्यावरच उभा आहे.

३

भांड्यांच्या पुराव्याने इतिहास वाचण्याची रीत पुरातत्त्वाला नवी नाही. तक्षशिलेच्या उत्खननातील मातीच्या काही पात्रांची जुळणी करून जॉन मार्शल यांनी ऊर्ध्वपातनाचे यंत्र कल्पिले. चारसद्द्याजवळच्या शेखान ढेरी येथे त्याच घाटाची पात्रे मोठ्या संख्येने सापडली, तेव्हा एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ साली ऊर्ध्वपातनाचे प्राचीन माहेरघर भारत असावा, असा प्रश्नार्थक सिद्धान्त मांडला. तो सर्वमान्य झालेला नाही. पण त्या वादातून एक गोष्ट स्पष्ट होते. पाण्याचा घडा आणि मद्याचा घडा यांत मातीच्या दृष्टीने अंतर नसते. अंतर असते ते त्याला जोडलेल्या नळीत आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात. सुटे भांडे निष्पाप असते. जोडणी त्याला अर्थ देते. शब्दाचेही असेच असते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको.

कोकण आणि ठाणे या पट्ट्यातील घरगुती भट्टी ही अशी जोडणीच होय. वाळवलेली मोहफुले पाण्यात भिजत घालून काही दिवस आंबवायची. ते आंबवण मडक्यात घेऊन चुलीवर चढवायचे. तोंडावर दुसरे भांडे उपडे बसवून सांधा चिखलाने वा शेणमातीने लिंपायचा. वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. यासाठी बाजारातून काहीही आणावे लागत नाही. स्वयंपाकातून निवृत्त झालेले मडके, कळशी, फुटक्या काठाचा हंडा यांनीच काम भागते. गोव्यातील काजूच्या भाटीतही मूळ मातीचे ‘भाण’ होते. पुढे ते तांब्याचे झाले. त्यातून पहिल्या धारेची हुर्राक आणि नंतर फेणी उतरते.

निवृत्त भांड्याची निवड करण्यामागे काटकसरीइतकेच शहाणपणही होते. आंबट पदार्थ पितळेत वा तांब्यात ठेवला की कळकतो, हे ताक करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. आंबवणही आंबटच, ते बिनकल्हईच्या भांड्यात ठेवले तर तांबे उतरते. म्हणून आंबवायला माती आणि उकळायला धातू, अशी वाटणी अनुभवाने ठरत गेली. ज्या तपेल्याने माझ्या लेखनाला आरंभ झाला, ते जर्मनचे असल्यामुळे या शहाणपणाला फारसे धरून नव्हते. परंतु शहर माणसाला त्याच्या जवळ जे असेल त्यावर भागवायला लावते.

याच ठिकाणी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. आमच्या वसाहतीत कल्हईवाला येई. भांडे तापवून त्यावर तो एक पांढरी भुकटी टाकी, धुराचा लोट उठे आणि मग कथिल आरशासारखे पसरे. ती भुकटी म्हणजे नवसागर. तापताच तो विघटित होतो आणि धातूवरील मळ खाऊन टाकतो. म्हणून कथिल धरते. हाच नवसागर गुळाच्या पाण्यात पडला की किण्वाला नायट्रोजन पुरवतो आणि आंबण्याची क्रिया वेग घेते. म्हणून हातभट्टीवाल्याला तो हवा असतो. एकच पदार्थ भांड्याला पुन्हा स्वयंपाकायोग्य करतो आणि तोच पदार्थ त्याला गुन्ह्याचे साधन करतो. पदार्थात नीती नसते. ती आपण बाहेरून आणतो.

४

ती बाहेरून कशी आणली गेली, याचा आलेख मुंबई इलाख्याच्या कायद्यांत स्पष्ट दिसतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांत केंद्रित करण्याचे धोरण बळकट केले. उरणच्या भट्ट्यांतून दारू येऊ लागली आणि गावातील मडकी बेकायदा ठरली. तरीही माणसे झाडाखालची फुले वेचून घरी दारू गाळतच राहिली. तेव्हा १८९२ साली मोहाच्या फुलांसाठीच स्वतंत्र कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत मोहफुलांचा साठा, विक्री आणि वाहतूक यांवर सरकारी नियंत्रण आले. वारली, कातकरी, ठाकूर यांच्या घरांत ही फुले उन्हाळ्याच्या शेवटी पोटाला आधार देत असत. भाकरीच्या पिठात मिसळली जात असत. कायद्याला मात्र त्यांत फक्त भावी दारू दिसली. इंद्रा मुन्शी सालदान्हा यांनी ठाण्याच्या संदर्भात, तर डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात या स्थित्यंतराचा अभ्यास केला आहे. रूढीचा गुन्हा कसा झाला, हे हार्डिमन यांचे सूत्र या सबंध इतिहासाला लागू पडते.

या कायद्यांमागे मद्यनिषेधाची कळकळ नव्हती; महसुलाची होती. जोतीराव फुले यांनी १८८० साली पुण्यात दारूच्या दुकानांना केलेला विरोध किंवा १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात झालेली दुकानांवरील निरोधने यांचा रोख नेमका या सरकारी दुटप्पीपणावर होता. घरची दारू बंद आणि दुकानातील दारू खुली, हे धोरण व्यसन कमी करीत नव्हते. ते व्यसनाला गिऱ्हाईक करीत होते.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने मद्यनिषेधाचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हा गांधीविचाराचा वारसा सांगणारा होता आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. हेतू बदलला, पण भांड्याकडे पाहण्याची नजर बदलली नाही. ती अधिक तीक्ष्ण झाली. या कायद्याच्या कलम ६५ मध्ये मादक पदार्थ तयार करण्यासाठी साहित्य, भट्टी, भांडी वा उपकरणे वापरणे अथवा बाळगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम १०३ त्यापुढे जाते. ज्या भांड्याचा समाधानकारक खुलासा देता येत नाही, त्याच्या बाबतीत विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गुन्हा गृहीत धरावा, असे ते सांगते. दिल्लीला त्या काळी १९१४ चा पंजाब अबकारी कायदा लागू होता. तिथेही भांडी बाळगण्याविषयीची भाषा जवळजवळ हीच होती. २००९ साली दिल्लीने स्वतःचा अबकारी कायदा केला. समोरच्या बाईंनी यांतले काही वाचले नव्हते. परंतु आपल्याला खुलासा विचारला जाईल आणि आपला खुलासा मान्य होणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

खुलासा कुणाचा मान्य होतो, हा प्रश्न या इतिहासाच्या गाभ्याशी आहे. ब्राह्मण घरातील द्राक्षासवाची बरणी आणि पारध्याच्या पालातील काळे मडके यांच्याकडे कायद्याची अक्षरे एकाच डोळ्याने पाहतात. कायदा राबवणारा माणूस तसे पाहत नाही. ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि ज्यांची त्या शिक्क्यातून १९५२ साली मुक्तता झाली, त्यांच्या घरातील भांड्यांना सज्जनपणाची ग्वाही देणारा साक्षीदार क्वचितच मिळतो.

५

येथे थांबलो तर हा निबंध एका सोप्या गौरवगीतात संपेल आणि ते अप्रामाणिक ठरेल. कारण मद्याचे भांडे फोडणारे हात नेहमीच शिपायाचे नव्हते.

१९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतून ‘देवी’चा संचार सुरू झाला. अंगात आलेल्या माणसांच्या मुखातून देवी दारू-ताडी सोडा, असे सांगत असे. ही लाट दक्षिण गुजरातच्या आदिवासी मुलखात पसरली आणि मद्यविक्रेते-सावकारांविरुद्ध बहिष्काराचे रूप घेऊन उभी राहिली. पन्नास वर्षांनी, १९७२ च्या सुमारास, शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटनेच्या चळवळीत भिल्ल स्त्रिया गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडीत होत्या. मारिया मीस यांनी त्या चळवळीचा आलेख मांडला आहे. गडचिरोलीत लोकआंदोलनानंतर १९९३ साली जिल्हा दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. ‘आडवी बाटली’साठी मतदान करणाऱ्या स्त्रियांची रांग महाराष्ट्राने अनेकदा पाहिली आहे.

या स्त्रियांना परंपरेचे मोल कळत नव्हते, असे म्हणण्याचे धाष्टर्य कुणी करू नये. घरातील मडक्यात सणापुरते आंबवण घालणारी आणि गुत्त्यातील मडके फोडणारी स्त्री पुष्कळदा एकाच समाजातील होती. तिने मोडले ते भांडे नव्हते. भांड्याचे दुकान झाले होते, ते तिने मोडले. घरातून चुलीचा, धान्याचा आणि सणाचा संदर्भ गळून गेला आणि उरली ती मजुरी गिळणारी रोजची दारू. कौटिल्याने आखलेली घर आणि विक्री यांतील रेषा या निरक्षर स्त्रियांना कायदेपंडितांहून अधिक स्पष्ट दिसत होती.

विषारी दारूचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली. ती जुन्या मडक्यातील मोहाने किंवा भाताच्या आंबवणाने मेली नाहीत. औद्योगिक मिथेनॉल मिसळलेल्या विकाऊ पेयाने मेली.

६

गेल्या काही दशकांत चित्र पालटू लागले आहे. पण ते सर्वांसाठी सारख्याच गतीने नाही. इंग्लंडमध्ये घरगुती बियरसाठी १८८० पासून लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बियरला संघराज्याची संमती मिळाली. तिथे निवृत्त स्वयंपाकाच्या पातेल्यात बियर उकळणे हा मध्यमवर्गीयांचा छंद झाला. आपल्याकडे काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याच सुमारास पुण्यात छोट्या प्रमाणावर ताजी बियर करणारी उपाहारगृहे परवान्याने उघडू लागली. बिहार-बंगालच्या जुन्या अबकारी व्यवस्थेत तर आदिवासींना स्वतःपुरती भाताची ‘पचवाई’ घरी करण्याची सवलत होती. पण ती सवलत माणसाबरोबर रेल्वेत बसून दिल्लीला येत नाही. महाराष्ट्रात मोहफुले वेचण्यावरील व साठवण्यावरील निर्बंध २०२१ साली उठले. १८९२ पासून हिशेब केला तर एका फुलाला संशयमुक्त होण्यास एकशे एकोणतीस वर्षे लागली.

फुलाची सुटका झाली. भांड्याची झालेली नाही. व्यसनाने उद्ध्वस्त होणारी घरे डोळ्यांसमोर असताना ती व्हावी, असे सरसकट म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही. एवढेच म्हणता येईल की विक्री आणि घर, व्यसन आणि सण, गुत्ता आणि चूल यांत भेद करण्याचे काम कायद्याने टाळले आणि त्या आळसाची किंमत ज्यांच्याजवळ खुलासा देण्याची भाषा नव्हती त्यांनी मोजली. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण आपण संकोची माणसासाठी वापरतो. ज्यांना भांडे लपवल्याशिवाय गत्यंतरच नव्हते, त्यांच्यासाठी म्हण नाही.

ते तपेले परत आले, तेव्हा शेजारणींपैकी कुणीतरी आता ते भंगारात घाल, असे आईला सुचवले. आईने ते घातले नाही. तिने त्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली, माती भरली आणि अळू लावले. पुढच्या श्रावणात त्या अळूच्या वड्या तिने समोरच्या घरी पाठवल्या. त्या बाईंनी ताटली परत करताना रीतीप्रमाणे ती रिकामी दिली नाही; मूठभर तांदूळ घालून दिली. त्यावर दोघींत काही बोलणे झाल्याचे मला आठवत नाही.